जमिनीवर सपाट निजलेला स्पूल

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. साखर कारखान्यात हे दिवस लगीनघाईचे असतात. ऑफ सीझनमध्ये उघडलेली यंत्रं मिटवायची असतात, बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख ठरून पत्रिका छापायला गेलेल्या असतात, आणि वर्कशॉपच्या दारात अजून निम्मे पाइप पडलेले असतात. दक्षिण महाराष्ट्रातल्या अशाच एका कारखान्यात आमच्या ठेकेदाराकडे कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) पंपांचं काम होतं. तीन जुने पंप काढून तीन नवे बसवायचे, दोन चालू आणि एक राखीव, आणि त्यांचे डिस्चार्ज, म्हणजे पाणी बाहेर नेणारे पाइप, वरच्या जुन्याच हेडरला, म्हणजे सामाईक पाइपला, जोडायचे. कामाच्या यादीत ही जेमतेम एक ओळ होती.

मी ठेकेदाराच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. साइटवर गेलो होतो दुसऱ्याच कामाला. दुपारी पंपहाउसमधून मिस्त्रींचा निरोप आला म्हणून खाली उतरलो, तर पहिला स्पूल, म्हणजे वर्कशॉपमध्ये वेल्ड करून आणलेला पाइपचा तयार भाग, चेनपुलीला टांगलेला, खलाशी दोन्ही बाजूंनी दोर धरून उभे, आणि मिस्त्री कमरेवर हात ठेवून वर बघतायत.

"साहेब, तोंडाला तोंड लागंना. हेडर तिकडं, आन् आपली लाइन इकडं."

पंपाकडचा फ्लँज (पाइपाच्या टोकाची बोल्ट लावायची चकती) व्हॉल्व्हला बिनबोभाट बसला होता. वरचा फ्लँज मात्र हेडरच्या खाली वळलेल्या तोंडापेक्षा ८५० मिलिमीटर उंच होता, आणि त्याच्या ८५० मिलिमीटर दक्षिणेला. ओळंबा सोडून, टेप लावून दोनदा मोजलं. दोन्हीकडे ८५०, वर-खाली तीन-चार मिलिमीटर. इतकी नेमकी चूक फिटरच्या हातून होत नाही. ती कागदातून आलेली असते. आणि त्या कागदावर 'तपासले' या रकान्यात सही माझी होती.

काय करायचं होतं, काय झालं

जुन्या पंपांच्या जागेवरून नवी केबल ट्रेंच जाणार होती, म्हणून नव्या पंपांचा पाया ८५० मिलिमीटर दक्षिणेला सरकवला होता. हेडर जागचा हलला नव्हता. तेव्हा प्रत्येक डिस्चार्ज लाइनला एवढंच करायचं होतं: व्हॉल्व्हपासून पूर्वेला निघायचं, ४५ अंशांच्या दोन एल्बोंनी (वळणाच्या तुकड्यांनी) तिरकं जाऊन ८५० उत्तरेला सरकायचं, पुन्हा पूर्वेला १२००, मग ९० चा एल्बो आणि सरळ वर २४००. पाइप १५० एनबी, म्हणजे सहा इंची, जाडी शेड्यूल ४०. बाहेरचा व्यास १६८.३ मिलिमीटर आणि वजन मीटरला २८ किलोंच्या किंचित वर. फ्लँज धरून एक स्पूल पावणेदोनशे किलोंच्या आसपास जातो. असे तीन.

वर्कशॉपमध्ये झालं ते असं: पूर्वेला निघालेली लाइन ४५ अंशांत उत्तरेला सरकण्याऐवजी ४५ अंशांत वर चढली. बाकी सगळं जसंच्या तसं. पहिला टांगल्यावर कळलं, तोवर उरलेले दोनही पूर्ण वेल्ड होऊन, प्रायमर मारून वर्कशॉपच्या भिंतीला टेकले होते.

मिस्त्रींनी खिशातून कागद काढला. ए-फोर, चार घड्या, एका कोपऱ्याला ग्रीस. आमचं मूळ ड्रॉइंग ए-थ्री होतं. ते छोटं करून झेरॉक्स, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. साइटवर असंच चालतं. मूळ प्रत ऑफिसात फाइलला आणि कामाच्या जागी तिची नात.

पाइपिंगवाले ज्याला 'आयसो' म्हणतात ते हे आयसोमेट्रिक ड्रॉइंग. एका कागदावर एक लाइन, एकाच रेघेने काढलेली, शेजारी मापं, कोपऱ्यात मालाची यादी आणि उत्तरेचा बाण. पूर्वेला जाणारी रेघ उजवीकडे खाली उतरते, उत्तरेला जाणारी उजवीकडे वर चढते, दोन्ही आडव्याशी ३० अंशांत, आणि वर जाणारी रेघ सरळ उभी. जो पाइप यांपैकी कुठल्याच दिशेला समांतर नाही, तो तिरका. त्याच्याशेजारी साहाय्यक त्रिकोण किंवा चौकट काढून तिच्यात हॅचिंग करायचं असतं, म्हणजे जवळजवळ बारीक रेघा मारायच्या असतात, म्हणजे तिरकेपणा आडव्या पातळीत आहे की उभ्या, हे कळतं. पाइपलाइनच्या आयसोमेट्रिक चित्रणाबद्दलच्या आयएसओ ६४१२ मानकाच्या दुसऱ्या भागात ही रीत दिलेली आहे. (आयएसओ ही मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना; ड्रॉइंगमधला 'आयसो' म्हणजे नुसतं 'समान', तिन्ही दिशांना सारखंच माप.)

ऑफिसात हे ड्रॉइंग काढणाऱ्या आमच्या पोराने हॅचिंग केलं होतं. पण फिकट करड्या लेयरमध्ये, कारण त्याच्या मते गडद हॅचिंगने ड्रॉइंग घाण दिसतं. मूळ प्रिंटवर ते दिसत होतं. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर तिथे पांढरा कागद होता, आणि तिरक्या रेघेला टांगल्यासारखा '८५०' हा आकडा.

मिस्त्री चुकले कुठे?

ऑफिसात परतल्यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती: "ड्रॉइंग वाचता येत नाही यांना." मला ते पटेना. वीस वर्षं आयसोवरून लाइनी बांधणारा माणूस उगाच एखादी लाइन वर चढवणार नाही. म्हणून मी ती झेरॉक्स समोर ठेवून, हॅचिंग कधी नव्हतंच असं समजून वाचायला बसलो.

रेघ पूर्वेकडे, म्हणजे उजवीकडे उतरत येते. मग एका ४५ च्या एल्बोपाशी वळून कागदावर अगदी आडवी होते. थोडी आडवी गेली की पुन्हा एल्बो, पुन्हा उतरू लागते. आता डोळा काय सांगतो? उतरणारी रेघ मधेच सपाट झाली, म्हणजे पाइप उचलला गेला. माझाही डोळा आधी हेच म्हणाला.

हिशेब केला की वेगळं निघतं. पूर्वेला ८५० आणि उत्तरेला ८५० असं सरकलं, तर एक रेघ ३० अंश खाली आणि दुसरी तेवढीच ३० अंश वर. दोघींची बेरीज कागदावर बरोबर आडवी येते. म्हणजे पोराने रेघ अचूक काढली होती. आणि ४५ अंशांची खरी चढण असती तर? पूर्वेला एक, वर एक. इथे आयसोमेट्रिकची एक गंमत आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिच्यातच आहे.

सापशिडीचा फासा घ्या आणि त्याचा एक कोपरा बरोबर डोळ्यांसमोर येईल असा धरा. कडांचा नियमित षटकोन दिसतो, आणि सगळ्यात जवळचा कोपरा सगळ्यात लांबच्या कोपऱ्याला तंतोतंत झाकतो. आयसोमेट्रिक म्हणजे हेच दृश्य. आता कुठल्या तरी कोपऱ्यापासून पूर्वेची एक कड चाला आणि मग उभी एक कड चढा. कागदावर जिथे पोचाल, तिथेच तुम्ही त्या कोपऱ्यापासून नुसती उत्तरेची एक कड चालूनही पोचता. अवकाशात त्या दोन जागा फाशाच्या दोन टोकांना आहेत. कागदावर एकच ठिपका.

म्हणजे पूर्वेला जाणारा पाइप ४५ अंशांत चढला, तर प्रमाणात काढलेल्या आयसोमध्ये तो उत्तरेला काटकोनात वळल्यासारखा दिसतो. हुबेहूब. हे टाळायला जुने ड्राफ्ट्समन काय करतात? आयसो तशीही प्रमाणात नसते, कोपऱ्यात 'एनटीएस' (नॉट टू स्केल) लिहिलेलंच असतं. तेव्हा ते चढणारी रेघ मुद्दाम थोडी वाकडी काढतात, उत्तरेच्या रेघेपासून सोडवून. आणि सोडवली की ती कुठे येते? आडवीच्या जवळपास.

मिस्त्रींनी आयुष्यभर अशा रेघा पाहिल्या होत्या. उजवीकडे उतरणारी लाइन मधेच आडवी दिसली की 'लाइन उठली', हे त्यांचं वाचन कित्येक कारखान्यांत बरोबर ठरलं असणार. आमच्या पोराने नेमकं प्रमाणात काढून त्यांना फसवलं. नियमाने काढलेली रेघ आणि रिवाजाने वाचलेली रेघ यांच्यात ८५० मिलिमीटरचं अंतर पडलं.

बरं, मालाच्या यादीनेही इशारा दिला नाही, कारण तिला देता येत नव्हता. तिरक्या तुकड्याची मध्यरेषेतली लांबी ८५० गुणिले १.४१४, म्हणजे १२०२. सहा इंची ४५ च्या लाँग रेडियस एल्बोचं मध्यापासून तोंडापर्यंतचं माप ९५. दोन्ही बाजूंचं वजा केलं की १०१२, आणि रूट गॅप (वेल्डसाठी ठेवायची फट) सोडून कापायचा पाइप १००६. तिरका उत्तरेला जावो नाहीतर आकाशात, कापायचा तुकडा तोच, एल्बो तेच, जॉइंट तेवढेच. कटिंगवाल्याच्या वहीत दोन्ही स्पूल एकच असतात.

एकच गोष्ट बोलत होती. व्हॉल्व्हची मध्यरेषा +१.१५० मीटर उंचीवर, वरच्या फ्लँजचं तोंड +३.५५० मीटरवर, आणि शेवटच्या उभ्या पाइपला २४०० मिलिमीटर. पहिल्या दोन आकड्यांतला फरक नेमका २४००. मग मधे कुठे ८५० चढायला जागाच उरत नाही. तो चढला असता तर उभा पाइप १५५० चा हवा होता. तिन्ही आकडे त्या ग्रीस लागलेल्या झेरॉक्सवरसुद्धा स्वच्छ वाचता येत होते. मिस्त्रींनी वजाबाकी केली नाही. ती त्यांनी करावी अशी अपेक्षाही नसते. त्यांना लांब्या हव्या असतात. वजाबाकी करायला हवी होती ड्रॉइंग तपासणाऱ्याने, पण माझ्यासमोर हॅचिंग दिसत होतं आणि मला लाइन कुठे जाते ते आधीच माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट आयसोमध्ये फार छान दिसते.

फारिश साहेबांचा मदतनीस

आयसोमेट्रिकची रीतसर मांडणी केली ती केंब्रिजच्या विल्यम फारिश या प्राध्यापकाने, १८२२ साली. तो व्याख्यानात यंत्रांची मॉडेल्स दाखवायचा. प्रत्येक यंत्राचं वेगळं मॉडेल ठेवायला जागा कुठली. म्हणून चाकं, दांडे, आस असे सुटे भाग ठेवायचे, आणि त्या त्या दिवशीचं यंत्र व्याख्यानाआधी जोडायचं. जोडणारे मदतनीस. त्यांना कुठला भाग कुठे जातो हे एका नजरेत कळावं, म्हणून त्याने हे चित्रण वापरलं. तिन्ही दिशांना एकच माप लागतं, हा त्याचा मोठा फायदा. खऱ्या प्रक्षेपात प्रत्येक कड ०.८१६ पट आखडते, म्हणून शाळा-कॉलेजात आयसोमेट्रिक स्केल काढायला लावतात, पण कामाच्या ड्रॉइंगमध्ये ते कुणी पाळत नाही. पूर्ण मापच घेतात आणि चित्र साडेबावीस टक्के मोठं येतं, बस्स.

मला या गोष्टीत एक बाब नेहमी खटकते. फारिशच्या मदतनिसाकडे भाग हातात होते. चाक आसावर चढलं नाही की त्याला तिथल्या तिथे कळायचं. चित्र अर्धवट बोललं तरी उरलेलं लोखंड सांगायचं. आमच्या मिस्त्रींच्या हातात वर्कशॉपमध्ये पंप नव्हता आणि हेडरही नव्हता. ते दोन्ही दोनशे मीटरवर पंपहाउसात होते.

लंब प्रक्षेपाला, म्हणजे आपल्या नेहमीच्या प्लॅन-एलिव्हेशनला (वरून आणि समोरून दिसणाऱ्या दृश्यांना), लोक कोरडा म्हणतात. खरंय, त्यात वस्तू 'दिसत' नाही, मनात बांधावी लागते. पण या लाइनीचा प्लॅन काढला असता तर त्यात एक तिरका तुकडा दिसला असता आणि एलिव्हेशनमध्ये मधली रेघ सरळ सपाट. दोन रेघांत वाद मिटला असता. असं ड्रॉइंग होतंही. सल्लागारांनी दिलेलं पंपहाउसचं जीए (जनरल अरेंजमेंट, म्हणजे एकूण मांडणीचं ड्रॉइंग), थर्ड अँगलमध्ये काढलेलं, प्लॅन वर आणि एलिव्हेशन खाली. आमच्याकडची बहुतेक मंडळी आयटीआय-डिप्लोमात फर्स्ट अँगलवर वाढलेली, त्यांना प्लॅन खाली बघायची सवय. टायटल ब्लॉकमधल्या त्या छोट्या छाटलेल्या शंकूच्या चिन्हाकडे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये हे सगळ्यांना पाठ असतं, करतात कमी. (शंकूचं लहान तोंड वर्तुळांच्या बाजूला असेल तर थर्ड, उलट्या बाजूला असेल तर फर्स्ट.) इथे मात्र तो प्रश्नच आला नाही. जीए वर्कशॉपला गेलंच नव्हतं. स्पूल बांधायला आयसो पुरते, असा सगळ्यांचा समज, माझाही.

तारेचे दोन तुकडे

त्या संध्याकाळी मिस्त्री आणि मी वर्कशॉपच्या फॅब्रिकेशन बेडपाशी उभे होतो. बेडवर त्यांनी खडूने काढलेली आखणी अजून होती: खऱ्या मापाचा स्पूल, आडवा तुकडा, तिरका, आडवा, आणि काटकोनात लांब २४००. गुण्या लावून, दोरी झाडून काढलेली, सुरेख. त्या आखणीवर पाइप ठेवले, टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारले, तीनदा.

मी बाइंडिंग वायरचे दोन तुकडे घेतले. एक त्यांच्या आखणीसारखा वाकवला. दुसरा ड्रॉइंगप्रमाणे: तिरका भाग आडव्या पातळीत, शेवटचा उभा. दोन्ही बेडवर ठेवले. पहिला सपाट निजला. दुसऱ्याचं एक टोक हवेत राहिलं.

मिस्त्रींनी दोन्ही तारा उचलल्या, जराशा फिरवल्या, पुन्हा ठेवल्या. मग म्हणाले, "म्हंजी जो सोपा बनला त्योच चुकला."

तेच होतं. चुकलेला स्पूल एका पातळीतला होता, म्हणून तो बेडवर निजला, म्हणून तो भराभर झाला. बरोबरचा स्पूल कुठल्याही सपाट जागेवर निजूच शकत नाही. त्याला शेवटचा एल्बो चढवताना टेकू लागला असता, लेव्हल लावावी लागली असती, आणि त्या खटपटीत कुणीतरी विचारलं असतं की हा उभा नेमका कुणीकडे उभा करायचा. काम अडलं नाही म्हणून प्रश्न निघाला नाही.

दुरुस्ती

तारेवरूनच उपायही सापडला. सपाट स्पूल पूर्व-पश्चिम अक्षाभोवती ९० अंश फिरवला की तिरका भाग उत्तरेला जातो, जिथे तो हवा. पण त्याच्यासोबत शेवटचा उभा पाइपही आडवा होऊन उत्तरेकडे बघू लागतो. तेवढाच जॉइंट सोडवायचा: १२०० च्या तुकड्याला ९० चा एल्बो जिथे जोडलाय, ते वेल्ड कापायचं, एल्बो आणि उभा पाइप एकत्रच फिरवून वर करायचे, पुन्हा जोडायचं. प्रत्येक स्पूलला एकच जॉइंट.

व्हॉल्व्हकडच्या फ्लँजची चिंता होती. पूर्ण स्पूल फिरणार, मग भोकं जुळणार का? सहा इंची, १५० क्लासच्या फ्लँजला आठ भोकं असतात, दर ४५ अंशांवर एक. ९० फिरवलं तरी भोकासमोर भोक येतं. बारीकसारीक गोष्टींत एवढं तरी नशीब साथीला होतं.

गॅस कटिंग न करता ग्राइंडरने वेल्ड कापलं, तरी काप आणि नव्याने बेव्हल करण्यात जॉइंटमागे साधारण ५ मिलिमीटर गेले. स्पूल पूर्व दिशेला तेवढा आखूड झाला. हेडर हलवता येण्यासारखा नव्हता. पण पंपांचं ग्राउटिंग (पायात सिमेंट भरून पक्कं करणं) बाकी होतं, बेसफ्रेम नुसत्या पॅकिंगवर होत्या. तिन्ही पंप ५ मिलिमीटर पूर्वेला सरकवले, फाउंडेशन बोल्टच्या भोकात तेवढी सवड होती. पुन्हा अलाइनमेंट घेतली. एक वेल्डर, एक ग्राइंडरवाला, दोन हेल्पर. दोन दिवस आणि एक रात्र. तिसऱ्या दिवशी हायड्रो टेस्ट (दाबाने पाणी भरून चाचणी) झाली, एकही जॉइंट पाझरला नाही. ग्राउटिंग त्यानंतर.

पैशाचा हिशेब ठेकेदाराने माझ्यासमोर काढला नाही, ही त्यांची सभ्यता. पोराला मात्र ऑफिसात दोन शब्द ऐकावे लागले, आणि त्यातला एक तरी माझ्या वाट्याचा होता हे मी त्या बैठकीत बोललो. हॅचिंगचा लेयर काळा झाला. शिवाय, हॅचिंग पुसलं गेलं तरी कळावं म्हणून तिरक्या पाइपाच्या प्रत्येक मापापुढे आता दिशेचं अक्षर लिहितो: '८५० उ', '८५० वर'. झेरॉक्समध्ये रेघा मरतात, अक्षरं टिकतात.

ड्रॉइंग तपासताना मी उंचीची वजाबाकी पेन्सिलने समासात करतो आणि ती पुसत नाही. पोराला ते घाण दिसतं.

मिस्त्रींनी त्यांची स्वतःची तऱ्हा काढली. ज्या आयसोत एकसुद्धा तिरका पाइप आहे ती हातात आली की ते निळ्या पेनने कोपऱ्यात अंगठ्याएवढा प्लॅन काढतात, वरून बघितल्यासारखा, त्यात उत्तरेचा बाण घालतात, आणि कागद परत पाठवतात. खाली लिहिलेलं असतं, "असंच ना?" मी त्यावर सही करून दिली की मगच कटिंग सुरू होतं. गेल्या ऑफ सीझनला असे एकोणीस कागद आले. अठरांवर सही केली. एकोणिसाव्यावर त्यांचा प्लॅन बरोबर होता आणि आमचा बाण उलटा.